लक्ष्मी यात्रेच्या पाहुण्यांना घरचे वायफाय क्यूआर कोडने द्यावे का, आणि कसे?

प्रश्न : मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावची महालक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर यंदा भरणार आहे. आपल्या भागातील यात्रेला घरोघरी किती माणसे येतात, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूर, पुणे आणि गोवा या बाजूंनी लेकी-जावई, मामेभावंडे, मावसभावंडे आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या ओळखीचे लोकही जेवायला येतील, आणि त्यांतील बरेच जण मुक्कामाला राहतील. आमचे घर नदीकाठच्या खोलगट जागेत असल्यामुळे आत मोबाइलची रेंज फारशी मिळत नाही. फायबरची जोडणी मात्र चांगली चालते, त्यामुळे आलेला प्रत्येक पाहुणा उंबरा ओलांडताच वायफायचा पासवर्ड विचारतो.

आमचा पासवर्ड जोडणी देणाऱ्यांनीच ठेवलेला असून त्यात मोठी-लहान रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांची सरमिसळ आहे. तो वाचून दाखवणे आणि समोरच्याने तो अचूक टाइप करणे हे वयस्क मंडळींना फार त्रासाचे होते. म्हणून क्यूआर कोड छापून सोप्यातील भिंतीवर लावावा असे घरात ठरत आहे. धाकटा भाऊ मात्र त्याला तयार नाही, कारण तो पुण्यातील कंपनीचे काम घरूनच करतो आणि त्याच वायफायवर आमचे सीसीटीव्ही, प्रिंटर आणि टीव्हीही जोडलेले आहेत. त्याची भीती योग्य आहे का? क्यूआर कोडमुळे पासवर्ड गुप्त राहतो असे काही जण सांगतात, ते खरे आहे का? आणि कोड तयार करण्यासाठी इंटरनेटवर ज्या अनेक साइट दिसतात, त्यांपैकी कोणती वापरावी?

उत्तर १ : नेटवर्कवाला (टिळकवाडी, बेळगाव)

आपल्या भावाची भीती अगदी रास्त आहे आणि यात्रेआधीच हा प्रश्न विचारलात हे फार चांगले केले. घरोघरी वायफाय बसवण्याचे काम मी करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे क्यूआर कोडमध्ये पासवर्ड मुळीच गुप्त राहत नाही. वायफायचा कोड म्हणजे साध्या मजकुराची एक ओळ असते. तिच्या सुरुवातीला रोमन लिपीत वायफाय हा शब्द येतो, मग टी या अक्षरापुढे सुरक्षेचा प्रकार, एस पुढे नेटवर्कचे नाव आणि पी पुढे पासवर्ड जसाच्या तसा येतो. ही लिहिण्याची पद्धत झेडएक्सिंग नावाच्या खुल्या प्रकल्पातून रूढ झाली आणि पुढे फोन बनवणाऱ्यांनी ती स्वीकारली. ज्याने तुमचा कोड कोणत्याही साध्या क्यूआर वाचकाने वाचला, त्याच्या पडद्यावर पासवर्ड अक्षरशः दिसतो. अनेक अँड्रॉइड फोन तर कोडच्या खालीच पासवर्ड लिहून दाखवतात. म्हणून भिंतीवर कोड लावणे आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिणे यांत सुरक्षेच्या दृष्टीने काहीही फरक नाही. फरक पडतो तो फक्त टाइप करण्याच्या कष्टात, आणि वयस्क माणसांसाठी ती सोय खरोखर मोलाची आहे.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही. त्या कोडला स्वतःची मुदत नसते आणि एखाद्या ठराविक पाहुण्यापुरता तो रद्दही करता येत नाही. राऊटरमध्ये एखाद्या फोनचा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्याची ओळख, अडवण्याची सोय असते, परंतु अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनमध्ये २०२० सालच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बदललेला पत्ता दाखवतात, त्यामुळे त्या उपायावर विसंबून राहता येत नाही. दिलेला प्रवेश काढून घेण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे पासवर्ड बदलणे. घरचा मुख्य पासवर्ड बदलायचा झाला तर सीसीटीव्ही, टीव्ही, प्रिंटर आणि भावाचा लॅपटॉप या सर्वांत तो पुन्हा भरावा लागतो, म्हणून लोक कंटाळा करतात आणि यात्रेतील पासवर्ड पुढे वर्षानुवर्षे गावभर राहतो.

यावरचा उपाय असा की, कोड छापायचा तो पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कचा. आजकालच्या बहुतेक राऊटरमध्ये गेस्ट नेटवर्क नावाची सोय असते. ती सुरू केली की त्याच राऊटरवरून दुसऱ्या नावाचे आणि दुसऱ्या पासवर्डचे वायफाय चालू होते. तेथे एक खूण मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागते. पाहुण्यांना घरच्या नेटवर्कमध्ये प्रवेश द्यावा का, असा पर्याय तेथे दिलेला असतो आणि तो बंदच असला पाहिजे. तो बंद असला म्हणजे पाहुण्यांना इंटरनेट मिळते, पण तुमचा सीसीटीव्ही रेकॉर्डर, प्रिंटर किंवा भावाचा लॅपटॉप त्यांच्या फोनला दिसत नाही. सर्व मांडणी झाल्यावर स्वतःचा फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडून सीसीटीव्ही रेकॉर्डरचा आणि राऊटरच्या सेटिंगचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. दोन्ही उघडले नाहीत तरच काम झाले असे समजावे. राऊटरच्या सेटिंगचा मूळचा पासवर्ड अजून तसाच असेल, तर तो आधी बदलावा, कारण तो बहुधा सर्वांना ठाऊक असलेला असतो.

कोड तयार करण्यासाठी कोणत्याही साइटची गरज नाही. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून ही सोय फोनमध्येच आहे. फोन पाहुण्यांच्या नेटवर्कला जोडावा, वायफायच्या सेटिंगमध्ये त्या नावावर जाऊन शेअर हा पर्याय दाबावा, बोटाचा ठसा किंवा पिन द्यावा, की कोड पडद्यावर येतो. आयफोनमध्ये २०२४ सालच्या आयओएस १८ पासून पासवर्ड नावाचे जे स्वतंत्र ॲप आले आहे, त्यातूनही असा कोड दाखवता येतो. अनोळखी साइटवर कोड बनवायचा म्हणजे आपल्या घरच्या नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड परक्याच्या हाती देणे होय. त्यांपैकी काही साइट तर सरळ मजकुराऐवजी स्वतःच्या पत्त्याकडे नेणारा कोड देतात आणि काही दिवसांनी तो चालू ठेवण्यासाठी पैसे मागतात. वायफायच्या खऱ्या कोडला इंटरनेटच लागत नाही, मग त्यासाठी पैसे कशाला द्यायचे?

उत्तर २ : जांबोटी रानघर

दादा, नमस्कार. जांबोटीच्या पुढे रानाच्या कडेला आमच्या घरातील काही खोल्या आम्ही पर्यटकांना राहण्यासाठी देतो. त्यामुळे वरच्या उत्तरातील तांत्रिक भागाबद्दल मला जास्त सांगता येणार नाही, पण छापलेला कोड रोजच्या वापरात कसा टिकतो, हे मात्र सांगू शकते.

आपल्या यात्रेत होन्नाटाच्या दिवशी भंडारा उधळला जातो आणि सर्वांचे हात हळदीचे असतात, म्हणून साधा कागद भिंतीवर एक दिवसही नीट राहणार नाही. लॅमिनेशन अवश्य करून घ्यावे. मात्र चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा किंवा दारातील उन्हाचा झोत पडला, तर कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही. मॅट लॅमिनेशन मिळाले तर उत्तम, नाही तर उजेड समोरून पडणार नाही अशी जागा निवडावी. पत्रिका छापणारे पुष्कळदा हौसेने पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल कोड काढून देतात किंवा मध्यभागी देवीचे चित्र घालतात. कोडमध्ये बिघाड सावरून घेण्याची जी व्यवस्था असते, तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के भाग झाकला गेला तरी तो वाचला जातो, पण फोनने स्वतः बनवलेला कोड त्या पातळीचा असेलच असे नाही. म्हणून पांढऱ्यावर काळा, मध्ये काहीही न घातलेला आणि चारही बाजूंनी कोडमधील निदान चार बारीक चौकटींएवढी कोरी कड सोडलेला कोडच छापून घ्यावा. ती कोरी कड कापून टाकल्यामुळे न चालणारे कोड मी पुष्कळ पाहिले आहेत.

आकाराचा साधा हिशेब असा की, जेवढ्या अंतरावरून वाचायचा त्याच्या दहाव्या भागाएवढी कोडची रुंदी असावी. सोप्यात माणूस भिंतीपासून हातभर दूर उभा राहतो असे धरले, तर सहा-सात सेंटिमीटरचा कोड पुरतो. कोडखाली नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड अक्षरांतही छापावेत असे माझे स्पष्ट मत आहे. कोडमध्ये तो उघडच असतो, हे वर सांगितलेलेच आहे, आणि लॅपटॉप घेऊन आलेल्या माणसाला कोडचा फारसा उपयोग होत नाही. सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहावी. आमच्याकडे धारवाड-हुबळीकडील पाहुणे येतात, तसेच गोव्याचेही येतात, आणि आपल्या भाषेतील दोन ओळी दिसल्या की माणूस विचारायला न येता स्वतः जोडून घेतो.

आणखी एक विनंती. कोडचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवू नका. भिंतीवरचा कोड पाहण्यासाठी निदान घरात यावे लागते. गटावर गेलेला फोटो मात्र कोठे कोठे फिरेल हे कोणालाच सांगता येत नाही. त्याच कारणासाठी तो रस्त्यावरून किंवा खिडकीतून दिसेल अशा भिंतीवर न लावता आतल्या बाजूला लावावा. आमच्याकडे मोठ्या सुट्यांचा हंगाम संपला की आम्ही पासवर्ड बदलतो आणि नवा कागद लावतो.

मलप्रभाकाठ

ताई आणि नेटवर्कवाला दादा, आपण दोघांनी जितक्या आपुलकीने लिहिले आहे, त्याबद्दल मनापासून आभार. भावाला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली आणि पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क करण्यास तो राजी झाला आहे.

आता पुढच्या अडचणी अशा. आमच्याकडे वेगळा राऊटर नसून जोडणी देणाऱ्यांनी बसवलेला फायबरचा मोडेमच वायफाय देतो, आणि त्याच्या सेटिंगमध्ये गेस्ट असा शब्द कोठेही दिसत नाही. शिवाय पाहुण्यांच्या नेटवर्कला मराठी नाव द्यावे अशी आमच्या वडिलांची फार इच्छा आहे. ‘पाहुण्यांचे घर’ असे नाव भरून पाहिले तर मोडेम ते घेतच नाही. हा देवनागरीचा दोष आहे की मोडेमचा?

उत्तर ३ : शहापूर पेठ

मोडेममध्ये सोय नसेल तर सोपा उपाय आहे. घरात किंवा नात्यात कोणाकडे तरी जुना राऊटर पडून असतोच. तो मोडेमला तारेने जोडावा, त्याला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा आणि पाहुण्यांना तो द्यावा. घरचे सर्व काही मोडेमवर आहे तसेच राहू द्यावे. नवा खर्च काहीच येत नाही.

उत्तर ४ : नेटवर्कवाला (टिळकवाडी, बेळगाव)

शहापूरच्या मित्रांनी सुचवलेला उपाय अनेक जण करतात आणि त्यामागचा हेतूही चांगला आहे, परंतु यात क्रम उलटा झाला आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. मोडेमला जोडलेल्या दुसऱ्या राऊटरवरील फोन इंटरनेटकडे जाताना मोडेमच्याच नेटवर्कमधून जातात. म्हणजे आतल्या राऊटरवर बसलेला पाहुणा मोडेमवर जोडलेल्या सीसीटीव्ही रेकॉर्डरपर्यंत किंवा प्रिंटरपर्यंत सहज पोहोचू शकतो. याउलट मोडेमवरील माणसाला आतल्या राऊटरच्या पलीकडे काय आहे हे दिसत नाही, कारण बाहेरून स्वतःहून आलेली मागणी राऊटर आत घेत नाही. पाहुण्यांना माजघरात उतरवून घरच्यांनी सोप्यात झोपावे, तसा हा प्रकार होतो. म्हणून दुसरा राऊटर घ्यायचाच असेल तर तो घरच्यांसाठी ठेवावा. त्याच्या इंटरनेटच्या म्हणजे वॅन असे लिहिलेल्या छिद्रात मोडेमची तार घालावी, भावाचा लॅपटॉप, सीसीटीव्ही आणि प्रिंटर त्यावर न्यावेत, आणि मोडेमचे वायफाय नवा पासवर्ड घालून पाहुण्यांना मोकळे करावे. भावाचे कंपनीचे काम यात बहुधा विनाअडथळा चालते. सीसीटीव्ही बाहेरगावाहून पाहण्यासाठी मोडेममध्ये खास वाट उघडून दिलेली असेल, तर मात्र ती नव्याने मांडावी लागेल. कंपनीच्या ॲपवरून पाहत असाल तर काहीच बदलावे लागत नाही. घरच्यांसाठी घेतलेला राऊटर फार जुना असू नये, कारण बनवणाऱ्यांनी ज्याच्या दुरुस्त्या देणे थांबवले आहे तो राऊटर घराच्या संरक्षणाला ठेवणे बरे नव्हे.

तरीही आधी मोडेम नीट तपासा. फायबरच्या अनेक मोडेममध्ये गेस्ट हा शब्द नसतो, पण एसएसआयडी १, एसएसआयडी २ अशी अनेक नावे सुरू करण्याची सोय असते आणि दुसरे नाव सुरू केले की वेगळे वायफाय मिळते. तेथेच आयसोलेशन नावाचा पर्यायही पुष्कळदा असतो. तो काही मोडेममध्ये पाहुण्यांचे फोन एकमेकांपासून वेगळे ठेवतो, पण तारेने जोडलेल्या वस्तूंपासून वेगळे ठेवत नाही, म्हणून मी आधी सांगितलेली चाचणी येथे टाळू नका. रेकॉर्डर उघडला तर दुसऱ्या राऊटरचाच मार्ग धरावा लागेल.

आता नावाविषयी. आपल्या वडिलांची इच्छा मला फार आवडली, आणि ती बऱ्याच अंशी पूर्ण होऊ शकते. वायफायच्या नावाला मर्यादा ३२ बाइटची आहे. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला मात्र युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सर्व चिन्हे स्वतंत्र मोजली जातात. ‘पाहुण्यांचे’ या एकट्या शब्दात अशी अकरा चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट झाले. ‘घर’ हा शब्द लिहिण्याआधीच मर्यादा एका बाइटने ओलांडली गेली. ‘घर पाहुणे’ असे लिहिले तर २५ बाइट होतात आणि ते बसायला हवे. काही मोडेमची सेटिंगची पाने रोमन अक्षरांशिवाय काहीच स्वीकारत नाहीत. तसे असेल तर तो मोडेमचा दोष, देवनागरीचा नव्हे. नाव स्वीकारले गेले तरी तयार झालेला कोड निरनिराळ्या कंपन्यांच्या दोन-तीन फोनवर तपासून मगच छापायला द्या, कारण काही जुने वाचक देवनागरी अक्षरांचा चुकीचा अर्थ लावतात आणि फोन अस्तित्वात नसलेले नाव शोधत बसतो.

पासवर्ड मात्र रोमनमध्येच ठेवावा लागेल. तो ८ ते ६३ अक्षरांचा असावा असा नियम आहे आणि त्यात देवनागरी चालत नाही. माझी सूचना अशी की, एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द, उदाहरणार्थ कोयता, नाचणी, सायकल, पडवी यांसारखे, लहान रोमन अक्षरांत सलग लिहावेत. हेच चार शब्द येथे छापून झाले आहेत, त्यामुळे ते सोडून दुसरे निवडावेत. असा पासवर्ड अंदाजाने ओळखणे कठीण आणि लॅपटॉपवर टाइप करणे सोपे असते. अर्धविराम, अपूर्णविराम, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह आणि उलटी तिरपी रेघ ही चिन्हे टाळावीत, कारण कोडच्या मजकुरात त्यांना विशेष अर्थ आहे आणि हाताने कोड बनवताना त्यांच्याआधी उलटी रेघ घालायची राहिली, तर कोड वाचला जातो पण फोन जोडला जात नाही. फोनने स्वतः बनवलेल्या कोडमध्ये ही काळजी सहसा घेतलेली असते. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र ठेवता आला तर तो ठेवावा. केवळ डब्ल्यूपीए३ ठेवल्यास, तो प्रकार २०१८ साली आलेला असल्यामुळे, त्याआधीचे बरेच फोन जोडले जाणार नाहीत.

उत्तर ५ : निपाणी खानावळ

चर्चा वाचून माझाही एक प्रश्न विचारतो. निपाणीत रस्त्याला लागून आमची खानावळ आहे आणि येणारे गिऱ्हाईक वायफाय मागते. पासवर्डच काढून टाकला तर कोड छापण्याचीही गरज राहणार नाही, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे याचे नियम वेगळे आहेत का?

उत्तर ६ : कायद्याचा अभ्यासक (बेळगाव)

पासवर्ड काढून टाकू नका, हे कळकळीने सांगतो. तुमच्या जोडणीवरून इंटरनेटवर जे काही केले जाते, त्याची नोंद तुमच्या जोडणीच्या पत्त्यावर होते आणि चौकशी झाली तर पोलीस प्रथम जोडणीधारकाच्या दारात येतात. जुलै २००८ मधील अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी पाठवलेला ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या वायफायवरून गेला होता आणि त्या गृहस्थांना चौकशीला सामोरे जावे लागले. या घटनेनंतर खुल्या वायफायकडे पाहण्याची सरकारी यंत्रणेची दृष्टीच बदलली. घरच्या पाहुण्यांना वायफाय देण्यात गैर काही नाही, पण कोण आले आणि कोणाला दिले हे आपल्याला माहीत असावे.

नियमांविषयी विचारलेत, तर दूरसंचार हा विषय केंद्राच्या अखत्यारीतील आहे, त्यामुळे निपाणीला जो नियम तोच कागलला. खानावळीसारख्या ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्या अनोळखी माणसांना इंटरनेट द्यायचे असेल, तर केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेचा विचार करावा. तीत दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही आणि वापरणाऱ्याची ओळख पटवण्याचे काम ठरवून दिलेल्या व्यवस्थेतून होते. ते तुमच्यासारख्यांना निश्चित सोयीचे आहे. शिवाय घरगुती जोडणीच्या करारात ती इतरांना व्यवसायासाठी देता येते का, हेही एकदा वाचून पाहावे.

खानावळीच्या बाबतीत आणखी एक सांगणे आवश्यक आहे. पैसे घेण्याच्या कोडवर दुसराच कोड चिकटवण्याची फसवणूक आपण सर्वांनी ऐकलेली आहे. वायफायच्या कोडवरही तसेच करता येते आणि गिऱ्हाईक भलत्याच नेटवर्कला जोडले जाऊ शकते. जोडण्यापूर्वी फोन नेटवर्कचे नाव दाखवतो, म्हणून ते नाव कोडशेजारी ठळक छापावे आणि कागद रोज सकाळी एकदा नजरेखालून घालावा.

मलप्रभाकाठ

मोडेममध्ये एसएसआयडी २ सापडले, ‘घर पाहुणे’ हे नाव त्याने घेतले आणि वडिलांना त्याचा फार आनंद झाला. चाचणीत मात्र सीसीटीव्ही रेकॉर्डर पाहुण्यांच्या नेटवर्कवरून उघडला, म्हणून भावासाठी वेगळा राऊटर आणण्याचे नक्की केले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्या एका आत्यांचा फोन बराच जुना आहे आणि त्याचा कॅमेरा कोड ओळखत नाही. आणि यात्रेचे चित्रण पाहुणे आपापल्या फोनवरून आमच्या टीव्हीवर दाखवू इच्छितात, तर टीव्ही घरच्यांच्या बाजूला नेल्यावर ते कसे करावे?

उत्तर ७ : जांबोटी रानघर

आत्याबाईंच्या फोनचे सांगते. आयफोनचा कॅमेरा २०१७ सालच्या आयओएस ११ पासून हा कोड वाचतो. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनमध्ये वायफायच्या यादीत तळाशी नेटवर्क जोडण्याच्या ओळीशेजारी कोडचे छोटे चिन्ह असते, ते दाबून वाचता येतो. त्याहून जुन्या फोनमध्ये गूगल लेन्स असेल तर त्याने बहुधा काम होते. तेही नसेल तर कोडखाली छापलेले शब्द एखाद्या नातवाने टाइप करून द्यावेत, एकदा जोडला की फोन ते लक्षात ठेवतो. घराच्या भिंती जांभ्या दगडाच्या जाड असतील तर पाहुण्यांच्या नेटवर्कसाठी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टाच ठेवा. ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी तो अशा भिंतींतून आत फारसा पोहोचत नाही, आणि जुन्या फोनना तो पट्टा दिसतही नाही.

उत्तर ८ : नेटवर्कवाला (टिळकवाडी, बेळगाव)

टीव्हीचा प्रश्न योग्य आहे. फोनवरून टीव्हीवर दाखवण्यासाठी दोन्ही एकाच नेटवर्कवर असावे लागतात, आणि पाहुण्यांना वेगळे ठेवल्यामुळे त्यांच्या फोनला टीव्ही दिसणार नाही. यात्रेपुरता टीव्हीच पाहुण्यांच्या नेटवर्कवर ठेवा, कारण सीसीटीव्हीच्या मानाने त्यात जपण्यासारखे थोडे असते. मात्र टीव्हीवर उघडलेल्या खात्यांतून खरेदी होत असेल तर तिला पिन लावा. एसएसआयडी २ वर आयसोलेशन चालू केले असेल तर ते बंद करावे लागेल, नाही तर तेथेही फोनला टीव्ही सापडणार नाही. आयसोलेशन बंद केल्यास पाहुण्यांचे फोन एकमेकांना दिसू शकतात. आजचे फोन, बँकेची ॲप आणि व्हॉट्सॲप स्वतःचा मजकूर सांकेतिक रूपातच पाठवतात, त्यामुळे यात्रेच्या दिवसांपुरते ते चालण्यासारखे आहे.

गर्दीच्या वेळी वेग कमी झाल्याची तक्रार येईल, त्याला मुख्य कारण पाहुण्यांच्या फोनमधून आपोआप वर जाणारे फोटो आणि व्हिडिओ हे असते. मोडेममध्ये एसएसआयडी २ साठी वेगाची मर्यादा घालता येत असेल तर ती घाला, म्हणजे भावाच्या बैठका अडणार नाहीत. वीज गेल्यावर मोडेम आणि नवा राऊटर दोन्ही बंद पडतात, म्हणून दोन्हींना इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. यात्रा आटोपून शेवटचा पाहुणा गेला की एसएसआयडी २ बंद करा. पुढच्या सणाला ते पुन्हा सुरू कराल तेव्हा नवा पासवर्ड घालूनच सुरू करा आणि कोडही नव्याने छापून घ्या.